माळनेरच्या धुळवडीचा पंच

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.

आजपासून राग बंद. कायमचा.

नवीन वही आणली. कोणाला दाखवायची नाही. कमलम्मा काल माहेरी गेली, माळनेरला, देवणी तालुक्यात, भावाकडे. कारण एकदम फालतू. शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर कार रेस बघत होतो. जुन्या रेसचं रिपीट. सवयीप्रमाणे प्रत्येक ड्रायव्हरला दहापैकी मार्क दिले. रेस संपल्यावर त्या लोकांनी बेस्ट परफॉर्मन्स म्हणून कोणाला निवडावं? ज्याला मी साडेतीन दिले होते त्याला. साडेतीन! मी स्टीलचा ग्लास भिंतीला मारला. भिंतीला. कमलम्मा भिंतीजवळ कपड्यांच्या घड्या घालत होती. भुवईवर तीन टाके.

यात राग कुठं आला? नेम थोडा चुकला, एवढंच.

तिनं भांडण केलं नाही. पिशवी भरली, चांदपाशाला बोलावलं आणि त्याच्यासमोर अट सांगितली. चाळीस दिवस मी कोणावर हात उचलला नाही तर परत येणार. एकदा जरी उचलला तर तिकडंच राहणार, भावाच्या म्हशी बघणार. चांदपाशा म्हणजे शेजारचा गॅरेजवाला. माझा तीस वर्षांचा दोस्त, पण राखी तिच्याकडून बांधून घेतो. त्यामुळं साक्षीदार म्हणून काडीच्या कामाचा नाही.

चाळिसावा दिवस १४ मार्च. धुळवड. सोपं आहे. अख्ख्या अहमदपुरात माझ्यासारखा शांत माणूस नाही, फक्त लोक शांत राहू देत नाहीत.

४ फेब्रुवारी.

कालचा दिवस excellent गेला. कोणालाही मारलं नाही. (क्लासला सुट्टी होती.)

५ फेब्रुवारी. रात्री जेवण स्वतः केलं. वरण करपलं.

आमचं अप्पा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, बस स्टँडच्या मागं, पंचवीस वर्षं झाली. माझी शिकवायची एक पद्धत आहे. शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसायचं, मांडीवर लाकडी पट्टी ठेवायची. क्लच झटक्यात सोडला की गुडघ्यावर पट्टी. मेंदूला उशिरा कळतं, गुडघ्याला लगेच कळतं. आज फक्त तीनदा वापरली.

संध्याकाळी चांदपाशानं विचारलं, आजचं काय? म्हटलं, निल. तो म्हणाला, मग ते पोरगं लंगडत का गेलं? मी त्याला नीट समजावलं, अट हाताची आहे, पट्टीची नाही. त्यानं तिथंच कमलम्माला फोन लावला. तिनं एकच विचारलं म्हणे, पट्टी पायात धरतात का? आजच्या तीन माफ. इथून पुढं पट्टी म्हणजेसुद्धा हात.

खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचे. असो. पट्टी डिकीत टाकली.

११ फेब्रुवारी.

बँकेसमोर एक रिक्षावाला आडवा आला. इंडिकेटर नाही, हात नाही, लाज नाही. मी फक्त उतरलो. फक्त कॉलर धरली. कॉलर धरणं म्हणजे हात उचलणं नव्हे, हात छातीच्या वर गेलाच नाही. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटली, मुळात ढिली असणार. त्यानं ढकललं. मी ढकललं. त्याच्या रिक्षाचा आरसा गेला, पण तो माझ्या खांद्यानं गेला. दोघा-तिघांनी मला मागून कवटाळलं आणि नेऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसवलं. दोन ग्लास रस पाजला.

संयम: ८/१०. दोन मार्क कापले कारण मी त्याच्या आईबद्दल बोललो.

१७ फेब्रुवारी. पंधरावा दिवस.

एक बारीकशी गोष्ट घडली. लिहायची गरज नाही, पण लिहितो.

तहसीलच्या चढावर एका पोरानं गाडी चौथ्यांदा बंद पाडली. मागं ऊसाचा ट्रक हॉर्न मारून राहिलेला. तेवढ्यात पोराच्या गालावर माशी बसली. मी माशी मारली. माशी उडाली, ती गोष्ट वेगळी. पोराचा चष्मा खिडकीतून बाहेर गेला आणि त्याच्यावरून ट्रक गेला. पोरगं रडलं नाही, नुसतं समोर बघत बसलं. पुढं गाडी अजिबात बंद पडली नाही. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

चांदपाशा चढावर कोणाची तरी जीप सोडून परत येत होता. त्यानं बघितलं. मी माशीचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "अप्पा, तुमचा हात तुम्हाला हलका वाटतो. ज्याला लागतो त्याला एकदा विचारा." आणि गेला.

आता हा फोन करणार. गेले पंधरा दिवस पाण्यात. 

१९ फेब्रुवारी.

माळनेरहून फोन नाही. काहीच नाही. याचा अर्थ चांदपाशानं सांगितलं नाही! तीस वर्षांची दोस्ती वाया जात नसते. त्याच्यासाठी पावशेर पेढे नेले. त्यानं घेतले, पण तोंड कडू करून खाल्ले. शुगर असेल.

२० फेब्रुवारी. दुपारी ४. महत्त्वाचा दिवस!!

कमलम्माचा भाऊ महारुद्र स्वतः मोटरसायकलवर पन्नास किलोमीटर आला. मला वाटलं फारकतीचं बोलायला आला. तर त्यानं नारळ, टॉवेल, टोपी दिली आणि लेटरहेडवरचं पत्र! जसंच्या तसं उतरवतो:

"आपण आमच्या गावचे जावई तसेच वाहनतज्ज्ञ असल्याने धुळवडीच्या ट्रॅक्टर रिव्हर्स शर्यतीचे पंच म्हणून आपली एकमताने निवड झाली आहे."

जावई आधी आणि वाहनतज्ज्ञ नंतर, ही लिहिणाऱ्याची चूक. पण भावना पोचली. पंचवीस वर्षांत त्या गावानं मला कधी चहाच्या पलीकडं विचारलं नव्हतं. मीही धुळवडीला कधी गेलो नाही, अंगाला रंग लागलेला मला खपत नाही.

महारुद्रनं सगळं सांगितलं. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि शंभर फूट रिव्हर्स न्यायचं, दोन्हीकडं चुन्याची रेघ आणि रिकामे ड्रम. चार वर्षांपासून चालू आहे. गावात वरची गल्ली आणि खालची गल्ली असे दोन तट. पहिल्या दोन वर्षी निकालावरून दोन्ही गल्ल्या एकमेकांवर तुटून पडल्या. काठ्या, नट-बोल्टचे पाने, साखळ्या. आठजण दवाखान्यात. पोलिसांनी सांगितलं, पुन्हा दोन गल्ल्यांत मारामारी झाली तर शर्यत कायमची बंद. मग त्यांनी पंच नेमायची पद्धत काढली. दोन वर्षं झाली, दोन गल्ल्यांत एक ठोसा पडला नाही.

बघा. एक चांगला पंच काय करू शकतो.

महारुद्र म्हणाला, "दाजी, चार वर्षांत दोन्ही गल्ल्यांचं कशावरच एकमत झालं न्हाई. तुमच्यावर एका मिनिटात झालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि कमलम्मा? तिच्यासमोर, तिच्या गावात, माईक हातात घेऊन मी निकाल देणार. चाळिसाव्या दिवशी. शांतपणे. मग कसली येत नाही बघू.

२२ फेब्रुवारी. मुखेड.

गेल्या वर्षीचे पंच दगडोबा यांना भेटून आलो. अनुभवी माणसाकडून शिकण्यात कमीपणा नाही. मुखेडच्या आठवडी बाजारात त्यांचं बियाण्याचं दुकान. तेही माळनेरचेच जावई निघाले. योगायोग.

समोरचे दोन दात नाहीत. कसे पडले म्हटलं, तर म्हणाले, सासुरवाडीला. डिंकाचे लाडू कडक झाले असणार, होतं असं.

निर्णय कसा घ्यायचा विचारलं. ते तोंडावर उपरणं धरून इतकं हसले की ठसका लागला. म्हणाले, "निकाल काय बी द्या पाव्हणं, तिकडं कुणाचं ध्यान नसतंय." म्हणजे निरीक्षणाची पद्धतच नाही यांच्याकडं. निघताना एक जुनं हेल्मेट फडक्यात गुंडाळून दिलं. परत आणून द्या म्हणाले, पुढच्या सालच्या जावयाला लागंल. पुढच्या सालच्या पंचाला म्हणायचं असेल.

हेल्मेट घरी नेऊन माळ्यावर टाकलं. पंचानं फेटा बांधायचा असतो.

१ मार्च.

मार्कांची पद्धत तयार. स्टेअरिंग ३, क्लच २, आरसा २, संयम ३. एकूण दहा. संयमाला स्टेअरिंगइतकेच मार्क ठेवले, कारण माझा सव्वीस-सत्तावीस दिवसांचा अनुभव.

महारुद्रला फोन करून दुसरी सुधारणा सांगितली. उत्कृष्ट सगळेच काढतात. मी निकृष्टसुद्धा काढणार. माईकवर, नावानिशी, कारणांसह.  तो म्हणाला, दाजी, उत्कृष्ट पुरे, निकृष्ट कशाला काढता, गाव तसं चांगलं हाय. मी म्हटलं, तुला तांत्रिक बाबी कळायच्या नाहीत.

त्यानं फोन कमलम्माला दिला. महिन्यानं आवाज ऐकला. मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, बरी आहे. मग म्हणाली, खरंच येणार का? म्हटलं, म्हणजे काय. मग, "हेल्मेट घाला."

काळजी आहे अजून! दिवसभर शिट्टी वाजवत होतो. दोन पोरांनी गाडी बंद पाडली तरी काही बोललो नाही. एकाच्या फक्त कानाजवळ ओरडलो.

७ मार्च.

चांदपाशाला म्हटलं चल माझ्यासोबत माळनेरला. नाही म्हणाला. माझ्याकडं न बघता एका स्कूटरचा प्लग घासत बसला. मग म्हणाला, अप्पा, पायात बूट घाला, चप्पल घालू नका. मी कारण विचारलं तर म्हणे पळायला, आपलं, चालायला बरं पडतं.

या माणसाचं अलीकडं काहीतरी बिघडलंय.

१३ मार्च. होळी. माळनेर. संध्याकाळी.

काय स्वागत! वेशीपासून हलगी. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर दोन्ही गल्ल्यांतली माणसं एक-एक करून मला बघायला आली. माझं वजन विचारलं. एकानं दंड दाबून बघितला आणि बाहेर जाऊन बाकीच्यांना म्हणाला, बरा हाय, टिकंल. निकालावर ठाम टिकेल असं म्हणायचं असणार. प्रेमळ गाव.

कमलम्मानं वाढलं. भुवईवर व्रण आहे, लांबून दिसत नाही. जवळून दिसतो. मी म्हटलं, उद्या चाळीस पूर्ण. ती म्हणाली, आणखी एक पोळी घ्या, उद्या अंगात ताकद पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार. चाळिसावा दिवस. सकाळी ६.

फेटा बांधला. पट्टी सोबत घेतली आहे, केवळ दिशा दाखवायला.

१४ मार्च. ११ वाजता. मैदानावरून. स्पर्धक ७.

क्र. १: ड्रम दोन पाडले. ५. सामान्य.

क्र. २: निम्म्यात ब्रेक लावून मोबाईल घेतला. ३.

क्र. ३: रविकांत, खालची गल्ली. त्यांचा हुकमी एक्का. ड्रम चार उडवले. पाचवा ड्रम सरळ करायला गेलेल्या माणसाला ट्रॅक्टरवरून उतरून लाथ मारली. लाथेचा अँगल चांगला होता पण त्याला मार्क नाहीत. संयम ०. एकूण सव्वा.

क्र. ४: बरा. ६. डोळ्यात गुलाल गेला होता म्हणे.

क्र. ५: शिवलिंग, वरची गल्ली. त्यांचा हुकमी एक्का. स्पीड भयानक. मागची ट्रॉली कात्रीसारखी दुमडली, चुन्याच्या रेघेबाहेर जाऊन मांडवाचा खांब पाडला. लाऊडस्पीकर माझ्यापासून दोन फुटांवर पडला. मग साहेब उतरले आणि हातात पाना घेऊन रविकांतच्या ट्रॅक्टरचे दोन्ही हेडलाइट फोडले. संयम ०. एकूण सव्वा.

(हेडलाइट फुटले तरी दोन्ही गल्ल्या शांत. सगळे माझ्याकडं बघून हसतात. माझ्या उपस्थितीचा परिणाम.)

क्र. ६: चालू झालाच नाही. ०, पण नम्र होता म्हणून २.

क्र. ७: लुंबिनी. बुद्धविहारामागं घर. वडिलांचा ट्रॅक्टर, कारखान्याला ऊस वाहते. दोन ट्रॉल्या अशा नेल्या की जशा दोरीनं ओढल्या. एकदाही पुढं घेतलं नाही. एकही ड्रम हलला नाही. उतरताना हँडब्रेक ओढला. आज बाकी कोणीही हँडब्रेक ओढला नाही. साडेनऊ. अर्धा का कापला? सवय.

चेहरा ओळखीचा वाटला. आठवलं. दोन वर्षांपूर्वी अहमदपूरला मावशीकडं राहून माझ्या क्लासला यायची. तीन दिवस आली. म्हणजे माझी विद्यार्थिनी! पाया पक्का असला की असं होतं.

निकाल जाहीर करायला उठतो. कमलम्मा पहिल्या रांगेत बसली आहे.  राग शून्य.

१६ मार्च. उदगीर. दवाखाना.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीचं. उजवा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. डोक्याला सहा टाके. एका डोळ्यानं दिसतं.

घडलं ते क्रमानं लिहितो, थकलो की थांबेन.

उत्कृष्ट: लुंबिनी. टाळ्या बुद्धविहाराच्या बाजूनं आल्या, तेवढ्याच. बाकी मैदान गप्प. मी माईकवर सांगितलं, ही माझी विद्यार्थिनी आहे. तिनं माझ्या हातातून माईक घेतला.

"सरांकडं तीनच दिवस होते," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी गुडघा सुजला म्हणून गेले नाही. मग बापाच्या ट्रॅक्टरवर एकटीच शिकले. शेजारी कोणी बसलं नव्हतं म्हणून जमलं."

लोक हसले. मी लक्ष दिलं नाही. माईक परत घेतला. निकृष्ट: शिवलिंग आणि रविकांत, विभागून. सव्वा-सव्वा. कारणं एकूण नऊ. चौथ्या कारणापर्यंत पोचलो होतो.

पहिली थप्पड सरजाबाईची. रविकांतची आजी. वय पंच्याहत्तरच्या पुढं. "माझ्या नातवाला माईकवर निकृष्ट म्हणतो व्हय रं?" असं म्हणून दिली. वयाच्या मानानं ८/१०. कानात अजून शिट्टी वाजते.

मग दोन्ही गल्ल्या आल्या. वेगवेगळ्या नाही, मिळून. महारुद्रच ओरडून सांगत होता, एकेकानं, एकेकानं, पण कोण ऐकतंय. फेटा गेला. शेणाचा गोळा, ५. वरच्या गल्लीचा एक पैलवान, पाठीत गुद्दा, ९, श्वास बंद. मी खाली पडलो, तर कोणीतरी उचलून परत उभं केलं आणि मग मारलं. शिवलिंगची लाथ मांडीवर, ७. एकजण लांबून पळत आला आणि त्याची थप्पड भलत्यालाच बसली, निकृष्ट. ज्यानं त्यानं हात धुवून घेतले. डोक्यात बादली कोणी घातली ते दिसलं नाही. बादली ९.

एक महत्त्वाचं. मी हात उचलला. उजवा, पट्टीसकट. हे मान्य. पण शिवलिंग आणि रविकांतनं तो वरच्यावर पकडला आणि दोघांनी मिळून मागं ओढला. महारुद्र म्हणतो, ती दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका दिशेनं ओढत होती. मागं ट्रॉलीचा लोखंडी फाळका होता, मागचं दार. आवाज आला. सुकी तुरीची काडी मोडते तसा.

म्हणजे हात उचलला, पण खाली आणायची संधी मिळाली नाही. याला मारलं म्हणता येत नाही.

आवाज ऐकून सगळे थांबले. मी ओरडत होतो. मला कोणी ट्रॉलीत टाकलं आठवत नाही. एवढं आठवतं की चारी बाजूंनी माणसं होती, वळायला जागा नव्हती, आणि लुंबिनीनं तो ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट रिव्हर्सनं गर्दीतून काढून थेट डांबरी रस्त्यावर नेला. कोणाला धक्का नाही. मला गचका नाही. तो कापलेला अर्धा मार्क मी तिथं दिला. मोठ्यानं दिला. तिला ऐकू गेलं का माहीत नाही.

१७ मार्च.

महारुद्र येऊन पाया पडला. सगळं सांगून गेला.

पंच दरवर्षी जावईच असतो. जावई कोणत्याच गल्लीचा नसतो आणि सगळ्या गावाचा असतो. दोन्ही गल्ल्यांचा राग त्याच्यावर निघाला की गावात वर्षभर शांतता. आणि जावई पोलिसात जात नाही. सासुरवाडीवर केस करून तोंड कुठं दाखवणार?

म्हटलं, वाहनतज्ज्ञ हे काय होतं मग? तो म्हणाला, "ते आक्कानं लिवायला सांगितलं. त्याच्याबिगर तुम्ही आला नसता."

आक्का म्हणजे कमलम्मा.

१८ मार्च.

ती बाहेरच होती, चार दिवस. आज आत आली. ज्वारीची पेज आणली होती. चमच्यानं भरवली. जबडा उघडत नाही.

 तिनंच सांगितलं.

"पंधराव्या दिवशीच चांदपाशाभाईनं फोन केला. चष्मा फुटल्याचा. अटीप्रमाणं तिथंच संपलं होतं. पण मग वाटलं, पंचवीस वर्षं मी सांगून राहिले, सांगून काय ह्यांना कळत न्हाई. एकदा लागलं की कळंल."

मी म्हटलं, अगं, हाड मोडलं.

"दोन-चार थापडाच ठरल्या होत्या. आजवर कुणाचं हाड मोडलं न्हाई. दगडोबादाजींचे पण दातच गेले." चमचा वाटीत ठेवला. तिचे डोळे भरले होते. "निकृष्ट काढायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी डाव्या हातानं वाटीतला चमचा उचलला. 

निघताना माझ्या कपाळाची पट्टी बघितली. सहा टाके ना, म्हणाली. हो म्हटलं. तिनं नकळत स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं. मी खिडकीकडं बघितलं.

२१ मार्च. घरी.

कमलम्मा आली. सोबत, एसटीनं, माझा दंड धरून. जिंकलो असं वाटलं. मी म्हटलं, राहणार ना आता? ती म्हणाली, "प्लास्टर हाय तोवर राहते. हात उचलताच येत न्हाई तेवढे दिवस. पुढचं पुढं."

तिनं पिशवी रिकामी केली नाही. तशीच भरलेली दाराच्या मागं खिळ्याला अडकवली.

३० मार्च.

चांदपाशा रोज येतो. दाढी करून देतो. आज म्हणाला, अप्पा, फोन मीच केला होता. म्हटलं, माहीत आहे. दाढी अर्धी झाली होती, वस्तरा गळ्यावर होता, काय बोलणार. आणि राग आलासुद्धा नाही. नाही, आला. खरं लिहायला काय हरकत आहे. आला होता. पण हात उचलला गेला नाही, तर तो तसाच थोडा वेळ बसून राहिला आणि मग गेला. असा जातो हे मला माहीतच नव्हतं.

९ एप्रिल.

चष्म्याचं पोरगं आलं होतं, चौकशीला. नवीन चष्मा आहे. स्टूल दिलं तर माझ्या शेजारी बसलं नाही, स्टूल ओढून समोर नेलं, लांब. मी पाणी प्यायला ग्लास उचलला तर दचकलं. मी ग्लास हळू खाली ठेवला. कमलम्मा दारात उभी होती, तीही भिंतीपासून जरा बाजूला सरकली होती. मग दोघंही चहा प्याले.

१६ एप्रिल.

घरात कोणी नव्हतं. लाकडी पट्टी शोधली. महारुद्रनं परत पाठवलेल्या सामानात सापडली, फेट्यात गुंडाळलेली. डाव्या हातानं स्वतःच्या गुडघ्यावर मारून बघितली. हळूच. क्लच सोडल्यावर मारायचो त्याच्या निम्म्यानं.

लागतं.

२४ एप्रिल. रात्री.

उद्या प्लास्टर काढणार. आज तपासायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, हात आधीसारखा वर जाईल.

घरी आलो तर कमलम्मा दारामागच्या पिशवीवरची धूळ फडक्यानं पुसत होती.  

जेवणाआधी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. विचारलं, प्लास्टर आणखी दीड-दोन महिने ठेवता येईल का. ते म्हणाले, कशाला? दुखतंय का?

म्हटलं, नाही.